विंडोज ११ नव्याने वापरणाऱ्यांसाठी: आधी परतीची वाट, मग वेग

मोबाइलवर सराईतपणे सगळी कामे करणारी माणसेही विंडोजचा संगणक पहिल्यांदा हाती आल्यावर बिचकतात. त्यांना काही येत नसते असे नाही. आपल्या हातून भलतेच काही दाबले गेले तर ते पूर्ववत करता येईल का, ही धास्ती त्यांना पुढे जाऊ देत नाही. नव्याने विंडोज वापरू लागलेल्या सहकाऱ्यांना शिकवता शिकवता माझा एक क्रम ठरत गेला आहे: आधी परतीची वाट बांधून घ्यायची आणि ती पक्की झाल्यावरच वेग वाढवणाऱ्या सोयींकडे वळायचे. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे आणि घाईत असलात तरी पहिल्या चार पायऱ्या वगळू नका, असा माझा आग्रह आहे.

खालील सर्व माहिती विंडोज ११ ला धरून आहे. यातील बऱ्याच सोयी विंडोज १० मध्येही आहेत, मात्र तेथे मेनूतील त्यांच्या जागा वेगळ्या असू शकतात. ‘विंडोज कळ’ म्हणजे कीबोर्डच्या सर्वांत खालच्या ओळीत डावीकडे असलेली, खिडकीचे चिन्ह असलेली कळ. ‘विंडोज + व्ही’ असे जेथे लिहिले आहे, तेथे पहिली कळ दाबून धरावी आणि दुसरी एकदाच दाबून सोडावी. मेनूंची नावे इंग्रजी पडद्यावर दिसतात तीच ठेवली आहेत, फक्त देवनागरीत लिहिली आहेत.

सुरुवात करण्यापूर्वी हाताशी असावे असे काही

- मायक्रोसॉफ्ट खात्याचा ईमेल आणि पासवर्ड. संगणक दुसऱ्या कोणी सुरू करून दिला असेल, तर त्यावर कोणाचे खाते आहे हे आधी विचारून घ्यावे.
- ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार, म्हणजे संगणकाच्या सेटिंग्जमध्ये बदल करण्याची मुभा, असलेले खाते. कार्यालयाच्या संगणकावर काही पर्याय मुद्दाम बंद ठेवलेले असतात. तेथे तुमच्या तांत्रिक विभागाला विचारल्याशिवाय बदल करू नयेत.
- एक बाह्य हार्ड डिस्क किंवा पुरेशा क्षमतेचा पेन ड्राइव्ह.
- कागद आणि पेन. याचे कारण दुसऱ्या पायरीत कळेल.

१. आपल्याकडे नेमके कोणते विंडोज आहे ते पाहा

विंडोज + आय दाबल्यावर सेटिंग्ज उघडते. तेथे सिस्टीम आणि त्याखाली अबाउट येथे गेल्यास विंडोजची आवृत्ती आणि तिचा प्रकार, म्हणजे होम किंवा प्रो, दिसतो. ही नोंद करून ठेवावी, कारण इंटरनेटवर वाचलेली एखादी युक्ती आपल्या संगणकावर का सापडत नाही, याचे उत्तर बऱ्याचदा येथेच असते. उदाहरणार्थ, अनोळखी प्रोग्राम वेगळ्या बंदिस्त जागेत चालवून पाहण्याची ‘विंडोज सँडबॉक्स’ ही सोय होममध्ये मिळत नाही.

तुमच्याकडे अजून विंडोज १० असेल, तर त्याचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे ध्यानात घ्यावे. संगणक चालत राहतो, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या पूर्वीप्रमाणे आपोआप मिळत नाहीत.

२. रिकव्हरी की शोधून कागदावर उतरवून ठेवा

ही पायरी जवळजवळ कोणीच सांगत नाही आणि हीच सर्वांत महागात पडू शकते. अलीकडच्या बऱ्याच संगणकांवर, तुम्ही मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केलात की, डिस्कवरील सर्व माहिती आपोआप कूटबद्ध होते. संगणक चोरीला गेला तरी त्यातील फायली चोराला वाचता येऊ नयेत, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो योग्यच आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड) बदलला जातो किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रणालीमध्ये) काही फेरफार होतो आणि संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर दुरुस्ती करणारा कितीही कुशल असला, तरी डिस्कवरील माहिती परत मिळवता येत नाही.

सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी येथे ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असा पर्याय दिसतो का, आणि तो सुरू आहे का, ते पाहा. प्रो आवृत्तीत हीच सोय ‘बिटलॉकर’ या नावाने व्यवस्थापित करता येते. सुरू असेल, तर ब्राउझरमधून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन उपकरणांच्या यादीतून या संगणकाची रिकव्हरी की उघडावी. सहा-सहा अंकांचे आठ गट दिसतील. ते सोबतच्या ‘की आयडी’सह कागदावर उतरवून, एकदा पडताळून, कागद संगणकापासून दूर ठेवावा. ही की त्याच संगणकावरील एखाद्या फाइलमध्ये जपून ठेवण्यात काहीच अर्थ नाही, कारण गरज पडेल तेव्हा नेमकी तीच फाइल उघडत नसेल.

३. रिस्टोअर पॉइंट तयार करा

रिस्टोअर पॉइंट म्हणजे विंडोजच्या अंतर्गत फायलींची आणि सेटिंग्जची त्या क्षणाची नोंद. नवा ड्रायव्हर (प्रिंटरसारखे उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) किंवा प्रोग्राम टाकल्यानंतर संगणक विचित्र वागू लागला, तर या नोंदीच्या आधारे विंडोज आधीच्या स्थितीला नेता येते. अनेक संगणकांवर ही सोय मुळात बंद असते, हे पुष्कळांना गरज पडल्यावरच कळते.

विंडोज कळ दाबून इंग्रजीत ‘रिस्टोअर पॉइंट’ असे टंकल्यावर ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ हा पर्याय वर येतो. उघडलेल्या चौकटीत सी ड्राइव्ह निवडून ‘कॉन्फिगर’ दाबावे, ‘टर्न ऑन सिस्टीम प्रोटेक्शन’ निवडावे, खालच्या पट्टीवर थोडी जागा ठरवून द्यावी आणि परत येऊन ‘क्रिएट’ने पहिली नोंद तयार करावी. नोंदीला अर्थपूर्ण नाव द्यावे. ‘प्रिंटर बसवण्यापूर्वी’ असे नाव काही महिन्यांनीही समजते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. रिस्टोअर पॉइंट तुमचे दस्तऐवज आणि फोटो परत आणत नाही. त्यासाठी बाह्य डिस्कवर वेगळी प्रत हवीच. वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील साठ्यात, फायली आहेत म्हणून कोणी निर्धास्त असेल, तर त्यांनी हे जाणून घ्यावे की वनड्राइव्ह प्रामुख्याने जुळवणी करते: एका ठिकाणी खोडलेली फाइल जोडलेल्या सर्व उपकरणांवरून जाते आणि मर्यादित काळापुरती वनड्राइव्हच्या कचरापेटीत राहते. शिवाय मोफत खात्याची जागा ५ जीबीच आहे. विंडोज पहिल्यांदा सुरू होताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हशी जोडले जाऊ शकतात आणि फोटोंचा मोठा साठा असला की ती जागा लवकरच भरते.

४. फाइलचे खरे नाव दिसू द्या

विंडोज मूळ स्थितीत फाइलच्या नावाचा शेवटचा तुकडा, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवते. नवख्याला पडदा सुटसुटीत दिसावा हा त्यामागचा विचार असेल, पण मला ही सवलत धोक्याची वाटते. समजा, ईमेलमधून ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ या नावाची फाइल आली. शेवटचे ‘डॉट ईएक्सई’ लपलेले असल्यामुळे तुम्हाला फक्त ‘बिल डॉट पीडीएफ’ दिसते. फाइल बनवणाऱ्याने तिला पीडीएफचे चित्रही लावलेले असते, कारण प्रोग्रामला हवे ते चित्र लावता येते. तुम्ही कागद समजून डबल क्लिक करता आणि प्रत्यक्षात एक प्रोग्राम चालू होतो.

हे टाळण्यासाठी विंडोज + ई दाबून फाइल एक्सप्लोरर उघडावा, वरच्या पट्टीतील ‘व्ह्यू’, मग ‘शो’ आणि त्यातील ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करावी. बदल लगेच आणि सर्व फोल्डरांना लागू होतो. यानंतर एकच पथ्य पाळावे: नाव बदलण्यासाठी एफ २ दाबल्यावर विंडोज टिंबाच्या आधीचाच भाग निवडून देते, तेवढाच बदलावा. चुकून एक्स्टेन्शन पुसले गेले आणि ‘फाइल कदाचित वापरता येणार नाही’ अशी सूचना आली, तर ‘नो’ दाबावे.

एफ २ बद्दल आणखी एक. अनेक फायली एकदम निवडून एफ २ दाबले, एक नाव टंकले आणि एंटर केले, तर त्या सर्वांना तेच नाव आणि पुढे कंसात क्रमांक मिळतो. निकाल आवडला नाही, तर लगेच कंट्रोल + झेड दाबल्यावर जुनी नावे परत येतात. एक्सप्लोररमध्ये कंट्रोल + झेड चालते, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. कचरापेटीत टाकलेली आणि भलत्याच फोल्डरात ओढली गेलेली फाइलही त्याने माघारी येते. शिफ्ट + डिलीट मात्र कचरापेटीला वळसा घालून फाइल थेट खोडते, म्हणून निदान सुरुवातीला त्या जोडीला हात लावू नये.

परतीची वाट आता तयार आहे. येथून पुढे मोकळ्या मनाने प्रयोग करावेत.

५. क्लिपबोर्डचा इतिहास सुरू करा

मला विंडोजमधील एकच सोय निवडायला सांगितली, तर मी हीच निवडेन. क्लिपबोर्ड म्हणजे कॉपी केलेली गोष्ट तात्पुरती राहते ती जागा. एरवी कंट्रोल + सी केलेला मजकूर पुढचे काही कॉपी करताच नाहीसा होतो. विंडोज + व्ही दाबल्यावर येणाऱ्या चौकटीत ‘टर्न ऑन’ केले की कॉपी केलेल्या २५ पर्यंत गोष्टी, मजकूर असो वा चित्र, तेथे रांगेने राहतात. एका दस्तऐवजातून नाव, पत्ता, दिनांक आणि रक्कम उचलून दुसऱ्या अर्जात भरायची असेल, तर चार वेळा ये-जा करावी लागत नाही. चारही गोष्टी सलग कॉपी कराव्यात, अर्जात यावे आणि प्रत्येक रकान्यात विंडोज + व्ही दाबून हवी ती निवडावी.

संगणक पुन्हा सुरू केल्यावर ही यादी रिकामी होते, पण ज्या नोंदीवर पिनची खूण केली आहे ती टिकते. स्वतःचा पूर्ण पत्ता, पत्राची ठरावीक सुरुवात, असे नेहमी लागणारे मजकूर पिन करून ठेवावेत. याचीच दुसरी बाजू अशी की कॉपी केलेला पासवर्डही या यादीत उघडा दिसू शकतो. संगणक घरात किंवा कार्यालयात इतर कोणी वापरत असेल, तर असे काही कॉपी केल्यावर त्या नोंदीच्या तीन टिंबांच्या मेनूतून ती खोडावी आणि जागेवरून उठताना विंडोज + एलने पडदा कुलूपबंद करण्याची सवय लावावी.

६. पडद्याचा हवा तेवढाच भाग टिपा

विंडोज + शिफ्ट + एस दाबल्यावर पडदा किंचित काळवंडतो आणि माउसने ओढून हवा तेवढा चौकोन टिपता येतो. चित्र क्लिपबोर्डवर जाते आणि शिवाय पिक्चर्समधील स्क्रीनशॉट्स फोल्डरात साठवले जाते. पूर्ण पडद्याचे चित्र पाठवण्याची सवय मात्र लावू नये, कारण त्यात टॅबची शीर्षके, आलेल्या सूचना आणि उघड्या ईमेलची नावे नकळत इतरांपर्यंत पोहोचतात.

७. खिडक्या आणि डेस्कटॉप यांची मांडणी

दोन दस्तऐवज शेजारी ठेवून काम करायचे असेल, तर खिडक्यांचे कोपरे माउसने ओढत बसू नये. विंडोज + डावा बाण दाबल्यावर चालू खिडकी पडद्याच्या डाव्या अर्ध्यात बसते आणि उजव्या अर्ध्यासाठी विंडोज बाकीच्या खिडक्यांची निवड पुढे करते. तीन किंवा चार खिडक्या बसवायच्या असतील, तर विंडोज + झेड दाबून मांडणीचा नमुना निवडावा.

विंडोज + कंट्रोल + डी दाबल्यावर पूर्ण नवा, मोकळा डेस्कटॉप तयार होतो. एकावर कार्यालयाचे काम आणि दुसऱ्यावर वैयक्तिक वाचन ठेवले, तर लक्ष विचलित होत नाही. विंडोज + कंट्रोल + बाण यांनी दोहोंत ये-जा करता येते. नवखे लोक हीच जोडी चुकून दाबतात आणि सर्व उघडी कामे नाहीशी झाली असे समजून घाबरतात. असे झाल्यास विंडोज + टॅब दाबावे; सगळे डेस्कटॉप समोर दिसतात. नको असलेला डेस्कटॉप बंद केला तरी त्यावरील खिडक्या बंद होत नाहीत, त्या शेजारच्या डेस्कटॉपवर येतात.

८. मराठी टंकलेखन बाहेरून काही न उतरवता सुरू करा

देवनागरीसाठी वेगळे सॉफ्टवेअर शोधण्याची गरज नाही. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन येथे ‘ॲड अ लँग्वेज’ दाबून मराठी निवडावी. पुढील चौकटीत ‘डिस्प्ले लँग्वेज’ची खूण असेल तर ती काढावी, नाहीतर सगळे मेनूच मराठीत येऊ शकतात आणि इंग्रजी पडद्यावरून लिहिलेले मार्गदर्शन जुळवणे नवख्याला जड जाते. मग मराठीसमोरील तीन टिंबांतून लँग्वेज ऑप्शन्स आणि ‘ॲड अ कीबोर्ड’ येथे जावे. तेथे दोन वाटा आहेत: इन्स्क्रिप्ट या, भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कळ-मांडणीचा ‘मराठी’ आणि रोमन अक्षरांवरून देवनागरी देणारा ‘मराठी फोनेटिक’, जो २०१९ पासून विंडोजमध्येच आहे. अधूनमधून लिहिणाऱ्यांना फोनेटिक पुरतो. रोज पानेच्या पाने लिहिणाऱ्यांनी मात्र इन्स्क्रिप्ट शिकावा, असे मी ठामपणे सांगेन. त्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत आणि जे दाबले तेच उमटते, यंत्राने अंदाज बांधण्याचा प्रश्नच राहत नाही.

इन्स्क्रिप्टवर सर्वांना अडवणारा शब्द म्हणजे ‘दुसऱ्या’. साधा ‘र’, हलन्त आणि ‘य’ असे टंकले तर रफार वर जातो आणि ‘दुसर्या’ असे चुकीचे रूप उमटते. बरोबर क्रम असा: ‘स’ झाल्यावर शिफ्ट + जे, त्याने ‘ऱ’ येतो; मग डी, म्हणजे हलन्त; मग तिरक्या रेघेच्या कळीवरचा ‘य’; आणि शेवटी ई कळीवरचा काना. ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ हे सगळे याच ‘ऱ’ने सुटतात. ‘ळ’ शिफ्ट + एनवर आहे.

भाषा बदलण्यासाठी विंडोज + स्पेस दाबावे. पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा दाखवला जात असेल, तर पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातील भाषेची खूण आधी पाहावी, कारण कीबोर्ड मराठीवरच राहिलेला असण्याची शक्यता मोठी असते. आणि कोणी पाठवलेला मराठी मजकूर इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांच्या गुंत्यासारखा दिसला, तर तुमच्या संगणकात दोष नाही. तो मजकूर युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक संकेतपद्धत रूढ होण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला असतो आणि त्याचे रूपांतर करून घ्यावे लागते.

९. शट डाउन आणि रीस्टार्ट यांतील फरक ओळखा

‘रोज रात्री संगणक बंद करतो, तरी तो मंद का?’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘फास्ट स्टार्टअप’मध्ये असते. विंडोज ८ पासून आलेल्या या सोयीमुळे शट डाउन करताना विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा उचलली जाते. सुरुवात झटपट होते, पण एखादा ड्रायव्हर बिघडलेल्या अवस्थेत असेल, तर तो बिघाडही तसाच परत येतो. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळे नव्याने सुरू होते. म्हणून काहीही विचित्र वाटले, तर बंद करून चालू करण्याऐवजी रीस्टार्टच निवडावे. खरोखर पूर्ण बंद करायचे असेल, तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करावे.

तरीही सुरुवात मंद असेल, तर कंट्रोल + शिफ्ट + एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ‘स्टार्टअप ॲप्स’ पाहावे. ज्यांच्यासमोर ‘हाय’ लिहिले आहे आणि जे रोज लागत नाहीत, ते ‘डिसेबल’ करावेत. याने प्रोग्राम निघून जात नाही, फक्त आपोआप सुरू होणे थांबते. विंडोज सिक्युरिटी, टचपॅड आणि आवाज यांच्याशी संबंधित नोंदी मात्र तशाच राहू द्याव्यात. वेग वाढवून देतो म्हणणारे ‘रजिस्ट्री क्लीनर’, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या अंतर्गत नोंदी साफ करणारे प्रोग्राम, टाकू नयेत. मायक्रोसॉफ्ट स्वतः अशा साधनांच्या वापराला पाठिंबा देत नाही.

१०. संगणक अडकला तर

वीजबटण दाबून धरण्यापूर्वी हे क्रमाने करून पाहावे. पडदा काळा पडला किंवा गोठला असेल, तर विंडोज + कंट्रोल + शिफ्ट + बी दाबावे. पडदा क्षणभर लुकलुकतो आणि चित्र दाखवणारा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघडी कामे तशीच राहतात. फक्त खालची पट्टी किंवा स्टार्ट मेनू प्रतिसाद देत नसेल, तर टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधून त्यावर ‘रीस्टार्ट’ दाबावे.

असे वारंवार होत असेल, तर शोधपेटीत इंग्रजीत ‘रिलायबिलिटी’ टंकून ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडावी. येथे दिवसागणिक आलेख दिसतो, बिघाड झालेल्या दिवसावर लाल फुली असते आणि त्या दिवशी कोणता प्रोग्राम बंद पडला, कोणते अपडेट बसले, हे खाली लिहिलेले असते. फुल्यांची रांग एखाद्या ड्रायव्हरनंतरच सुरू झाली आहे असे दिसले, तर तिसऱ्या पायरीतील रिस्टोअर पॉइंट वापरण्याची हीच वेळ आहे.

११. दुरून मदत घेताना

विंडोज + कंट्रोल + क्यू दाबल्यावर ‘क्विक असिस्ट’ उघडते. मदत करणाऱ्याने दिलेला संकेतांक त्यात भरला की तुमचा पडदा त्याला दिसतो आणि तुम्ही परवानगी दिल्यास त्याला संगणक चालवताही येतो. ओळखीच्या जाणकाराकडून मदत घेण्यासाठी याहून सोपे साधन नाही. नेमक्या याच कारणामुळे फसवणूक करणारेही ते वापरतात. पडद्यावर अचानक ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी सूचना आली, तर ती खोटी समजावी. मायक्रोसॉफ्टच्या त्रुटी-सूचनांमध्ये फोन क्रमांक कधीही नसतो. अशी खिडकी बंद होत नसेल, तर ऑल्ट + एफ ४ किंवा टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. क्विक असिस्टचा संकेतांक फक्त तेव्हाच भरावा, जेव्हा फोन तुम्ही स्वतः लावलेला असेल आणि पलीकडच्या व्यक्तीला तुम्ही ओळखत असाल.